जुन्या शाळेची दुरुस्ती आणि सल्लागाराचा मोबदला : नागपुरातील एका सेवेचे परीक्षण

नागपुरात जुन्या इमारतींची तांत्रिक पाहणी, दुरुस्तीचे अंदाजपत्रक, निविदा आणि प्रत्यक्ष कामावरील देखरेख अशी सर्व कामे एकत्र स्वीकारणारी काही सल्लागार कार्यालये आहेत. पश्चिम नागपुरातील अशाच एका कार्यालयाची सेवा आमच्या संस्थेने नागपूरच्या महाल भागातील आमच्या अनुदानित शाळेच्या इमारतीसाठी घेतली. इमारत समितीचा सदस्य या नात्याने मला ती पहिल्या बैठकीपासून अंतिम देयकापर्यंत जवळून पाहता आली. कार्यालयाचे नाव येथे मुद्दामच दिलेले नाही, कारण अशी सेवा घेऊ पाहणाऱ्या संस्थांना नावापेक्षा तिच्या कोणत्या टप्प्यावर पैसे खर्चावेत आणि कोणत्या टप्प्यावर सावध राहावे, हे कळणे अधिक उपयोगाचे आहे. माझे मत असे की पाहणी उत्कृष्ट होती, अंदाजपत्रक चांगले होते, देखरेख जेमतेम होती आणि मोबदल्याची रचना मुळातच सदोष होती.

शाळेची मुख्य इमारत नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असतानाच्या काळातील आहे. चुन्यात बांधलेल्या जाड विटांच्या भिंती, सागवानी कैच्या (छपराचे तिकोनी सांगाडे) आणि त्यांवर कवेलू म्हणजे कौले असे तिचे स्वरूप आहे. मागच्या बाजूला १९७०च्या दशकात वाढवलेला काँक्रीटचा दुमजली भाग आहे. अनुदानित शाळेत शिक्षकांचे वेतन शासन देते, पण इमारतीचा भार संस्थेवरच राहतो, आणि वेतनेतर अनुदानातून छप्पर बदलण्याइतकी रक्कम कधीच शिल्लक पडत नाही. त्यामुळे पैसा आला तो माजी विद्यार्थ्यांकडून आणि काही अंशी कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून. २०१३च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ अन्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के अशा कामांसाठी राखावे लागतात आणि शिक्षण हे त्यांतील मान्य क्षेत्र आहे. मात्र देणगीदाराला संगणक कक्ष किंवा रंगवलेली दर्शनी भिंत द्यायला आवडते; भिंतीआडच्या तारेवर त्याच्या नावाची पाटी लावता येत नाही. ही अडचण विनोदी वाटली तरी खरी आहे, कारण जुन्या शाळेचा खरा खर्च अशाच न दिसणाऱ्या जागी दडलेला असतो.

सल्लागार नेमण्यापूर्वी समितीने काही कंत्राटदारांकडून थेट दरपत्रके मागवली होती. ती सर्व एकरकमी होती आणि त्यांतील सर्वांत कमी व सर्वांत जास्त रकमेत एवढे अंतर होते की सर्वांनी एकच इमारत पाहिली असावी यावर विश्वास बसू नये. कारण साधे होते. गच्चीचा कोबा (पाणी मुरू नये म्हणून घातलेला थर) उकरून, छपराची कवेलू काढून किंवा वीज फलक उघडून कोणीही पाहिले नव्हते. प्रत्येकाने आपापल्या भीतीनुसार किंवा आशेनुसार आकडा लिहिला होता. अशा वेळी कमी आकडा लिहिणारा काम मिळवतो आणि नंतर वाढीव कामांच्या देयकांतून आपली भीती वसूल करतो. सल्लागाराच्या कार्यालयाने अंदाजपत्रक देण्याआधी स्वतंत्र पाहणीचा आग्रह धरला, तेव्हा समितीतील काहींना तो मोबदला वाढवण्याचा मार्ग वाटला. प्रत्यक्षात संपूर्ण प्रकल्पात त्या पाहणीइतका सत्कारणी लागलेला पैसा दुसरा नव्हता.

पाहणीची पद्धत सविस्तर सांगण्याजोगी आहे. काँक्रीटच्या भागात हातोडा चाचणी, अल्ट्रासॉनिक चाचणी आणि कार्बोनेशनची खोली मोजणे अशा चाचण्या झाल्या. हातोडा चाचणी केवळ पृष्ठभागाचा कठीणपणा दाखवते, त्यामुळे तिच्या एकट्याच्या आधारावर स्लॅब पाडण्याचा किंवा राखण्याचा निर्णय घेणे धोक्याचे असते. कार्बोनेशन म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा अल्कधर्मी गुण कमी होणे. ते सळईपर्यंत पोहोचले की सळई गंजते, फुगते आणि वरचे आवरण फोडते. आमच्याकडे स्वच्छतागृहांच्या वरचे आणि पन्हाळीलगतचे पट्टे या अवस्थेत होते, वर्गांवरील स्लॅब मात्र बहुतांशी ठीक होता. दरपत्रके देणाऱ्या कंत्राटदारांनी संपूर्ण स्लॅबच्या खालच्या बाजूस दुरुस्ती मिश्रणाचा थर सुचवला होता, तर चाचण्यांमुळे ते काम मोजक्या पट्ट्यांपुरते मर्यादित झाले. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे मालकावर बंधनकारक आहेच. बहुतेक संस्था मात्र ती प्रमाणपत्रापुरती उरकतात. तिचा उपयोग कामाची व्याप्ती ठरवण्यासाठी करत नाहीत.

मुख्य इमारतीच्या एका कोपऱ्यात भिंतीला तिरकी भेग होती. एका कंत्राटदाराने पाया मजबूत करण्याचे मोठे काम सुचवले होते. सल्लागारांनी भेगेवर, ती वाढल्यास तडकतील अशा काचेच्या पट्ट्या चिकटवून पावसाळा आणि त्यानंतरचा कोरडा काळ जाऊ दिला आणि त्याच वेळी छपराच्या पाण्याचा मार्ग तपासला. त्या कोपऱ्यातील उभा पाइप फुटलेला होता आणि पागोळ्यांचे सारे पाणी जोत्याच्या पायथ्याशी मुरत होते. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि नागपूरसारख्या ठिकाणी, जिथे वर्षाला सुमारे अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि मेमध्ये पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तिथे हा खेळ दरवर्षी चालतो. पाइप बदलणे, जोत्याभोवती उतार देऊन फरसबंदी करणे आणि पाणी गटारापर्यंत नेणे एवढ्यावर काम भागले. भेग त्यानंतर वाढलेली नाही. पायाच्या कामाचा प्रस्ताव स्वीकारला असता, तर छपरासाठी पैसेच उरले नसते.

छपराबाबत सल्लागारांशी समितीचा मतभेद झाला आणि तो येथे नोंदवणे आवश्यक आहे. त्यांचा पहिला प्रस्ताव कवेलू काढून रंगीत धातूचे पत्रे बसवण्याचा होता. पहिल्या खर्चाच्या दृष्टीने तो स्वस्त होता, वजन कमी होत होते आणि काम लवकर आटोपत होते. परंतु पत्र्याखालील वर्ग एप्रिलमध्ये किती तापतो आणि जुलैच्या पावसात त्याखाली शिक्षकाचा आवाज किती ऐकू येतो, हे विदर्भातील शाळेत बसलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. त्यावर उपाय म्हणून उष्णतारोधक थर आणि छत घातले की स्वस्ताई संपते. त्यात कूलर आणि त्यांचा वीजखर्च मिळवला की पुढील काही वर्षांत पत्रा महागच पडतो. समितीच्या आग्रहामुळे कैच्यांची तपासणी झाली. सागवान बहुतेक ठिकाणी सुस्थितीत निघाले. भिंतीत गाडलेली टोके तेवढी वाळवी आणि ओलीने खाल्ली होती. ती टोके कापून लोखंडी पट्ट्यांनी जोड दिला, वासे आणि पट्ट्या बदलल्या आणि चांगली कवेलू धुऊन पुन्हा चढवली. शिवाय उतरवलेल्या साहित्याची मालकी संस्थेची राहील आणि त्याची मोजदाद करून नोंद ठेवली जाईल, हे कलम निविदेत घालण्याची सूचना सल्लागारांनीच केली, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. जुने सागवान, बिडाचे पाइप आणि तांब्याची तार यांना बाजारात चांगली किंमत येते, आणि हे कलम नसेल तर ते साहित्य राडारोड्याबरोबर निघून जाते.

कामांचा क्रम हा या सेवेतील सर्वांत मोलाचा सल्ला होता, आणि तो समितीला पटवून देणे सर्वांत कठीण गेले. आधी छप्पर आणि गच्ची, मग पावसाच्या पाण्याचा निचरा, मग नळ आणि सांडपाणी, त्यानंतर वीज, शेवटी गिलावा आणि रंग. देणगीदारांच्या अपेक्षेचा क्रम याच्या नेमका उलट असतो. ओलसर भिंतीवर रंग दिला तर एका पावसाळ्यात लोणा येऊन तो सुटतो. रंगानंतर वीजकाम केले तर झिऱ्या पाडण्यासाठी पुन्हा भिंती फोडाव्या लागतात. चुन्याच्या जुन्या गिलाव्यावर सिमेंटचा घट्ट थर दिल्यास आतील ओल बाहेर पडू शकत नाही आणि ती वर चढत जाते, म्हणून जुन्या भागात चुन्याचाच गिलावा ठेवावा, हेही त्यांनी लेखी दिले. चुन्याचे काम जाणणारे गवंडी कमी राहिले आहेत आणि त्यांची मजुरी जास्त आहे, हे खरे. तरीही दर दोन-तीन वर्षांनी त्याच भिंतीवर सिमेंट थापत राहण्यापेक्षा ते परवडते.

विजेच्या कामाकडे अधिक बारकाईने पाहायला हवे, कारण शाळांत धोका आणि उधळपट्टी दोन्ही येथेच एकत्र असतात. मुख्य इमारतीत लाकडी केसिंग-कॅपिंगमधील (झाकणाच्या लाकडी पट्ट्यांमधील) जुनी तार, मागील भागात ॲल्युमिनियमची तार, आणि त्यांवर गेल्या काही दशकांत कोणीकोणी ओढलेल्या जोडण्या अशी स्थिती होती. मेगर या उपकरणाने प्रत्येक परिपथातील तारेच्या आवरणाचा विद्युतरोध मोजल्यानंतर मागील भागातील अलीकडे बदललेल्या काही तारा ठेवता येतील असे आढळले. मुख्य इमारतीत मात्र सर्व काही नव्याने करणे अपरिहार्य होते. तेथे भिंती फोडून तार आत घेण्याऐवजी पृष्ठभागावरून पीव्हीसी नळ्या नेण्याचा निर्णय झाला. दिसायला तो तितका सुबक नाही, परंतु चुन्यातील विटांत झिरी पाडली की गिलाव्याचे पोपडे हातभर सुटतात आणि वीजकामापेक्षा गवंडीकाम महाग होते. पुढे कोणाला तार बदलायची झाली तर भिंतीला हातही लावावा लागणार नाही.

अर्थिंगविषयी त्यांनी दिलेला सल्ला अन्य संस्थांनीही लक्षात घ्यावा. जमिनीचा रोध पावसाळ्यात कमी आणि उन्हाळ्यात जास्त असतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये उत्तम ठरलेले अर्थिंग मेमध्ये निकामी ठरू शकते. नागपुरात तर कूलर चालतात ते नेमके याच कोरड्या महिन्यांत. पाण्याने भिजलेली लोखंडी पेटी, ओली फरशी आणि अनवाणी मूल हे तिन्ही एकत्र येतात. म्हणून मोजणी मेमध्येच व्हावी आणि वर्गांच्या परिपथांवर तीस मिलिॲम्पिअरला तुटणारे गळतीरोधक स्विच बसवावेत, असे अंदाजपत्रकात नमूद होते. खर्चात कपात करताना हे स्विच वगळण्याची सूचना समितीतील एका सदस्याने केली होती. सल्लागारांनी ती ठामपणे नाकारली. सल्लागाराचे काम केवळ कपात सुचवणे एवढेच नसते, कोठे कपात करू नये हे सांगणेही त्याचेच काम आहे.

याउलट पंखे आणि दिवे यांबाबतचा त्यांचा प्रस्ताव आकड्यांच्या कसोटीवर टिकला नाही. सर्व जुने पंखे काढून बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचे) पंखे बसवावेत आणि वीज देयकातील बचतीतून त्यांचा खर्च भरून निघेल, असे त्यात म्हटले होते. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो आणि नवा सुमारे ३०, म्हणजे वाचतात ४५ वॅट. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस ठरवले आहेत. रोज सहा तास पंखा चालतो असे धरले, तरी वर्षाला पंख्यामागे सुमारे ५९ युनिट वाचतात, आणि हिवाळ्यात पंखे बंद असतात हे लक्षात घेतल्यास त्याहूनही कमी. घरातील पंखा याच्या कितीतरी पट अधिक चालतो. घराचा हिशेब शाळेला लावणे ही अशा प्रस्तावांतील नेहमीची गफलत आहे. युनिटला आठ-दहा रुपये धरले तर वर्षाची बचत पाचशे-सहाशे रुपयांच्या पुढे जात नाही. त्यामुळे जळालेला पंखा बदलताना नव्या प्रकारचा घ्यावा, चालणारा काढू नये, असे आम्ही ठरवले. दिव्यांचे गणित वेगळे निघाले. तांब्याच्या चोकसह जुनी नळी पन्नास वॅटच्या आसपास घेते, एलईडी नळी वीस वॅटच्या आत घेते आणि तिची किंमत पंख्याच्या मानाने किरकोळ असते. शिवाय जुन्या नळ्यांची तार आणि चोक तसेही बदलायचे होते. म्हणून दिवे सर्व बदलले.

सौर ऊर्जेच्या बाबतीतही काहीशी अशीच घाई झाली असती. एका देणगीदाराची पॅनेल देण्याची तयारी होती आणि गच्चीवर पुरेशी जागाही होती. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते आणि नागपुरात त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. परंतु गच्चीचे जलरोधन त्या वेळी झाले नव्हते. पंचवीस वर्षे टिकणारे पॅनेल काही वर्षांतच उतरवाव्या लागणाऱ्या कोब्यावर बसवणे म्हणजे तोच खर्च दोनदा करणे आहे, असे सल्लागारांनी देणगीदारालाच समजावून सांगितले. कोबा झाल्यावर पॅनेल बसले. शाळा मेमध्ये बंद आणि ऊन तेव्हाच सर्वांत जास्त, ही शंका काहींनी काढली होती. पण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जास्तीची वीज वीज कंपनीच्या जाळ्यात देऊन ती देयकातून वजा करण्याच्या पद्धतीत, शिल्लक युनिट आर्थिक वर्षाअखेरपर्यंत पुढे नेता येतात आणि उन्हाळा वर्षाच्या सुरुवातीलाच येतो, त्यामुळे सुटीत साठलेली वीज शाळेच्याच उपयोगी पडते.

पाण्याच्या टाक्यांच्या प्रस्तावात मानकाचा अक्षरशः वापर झालेला दिसला. दिवसाच्या शाळेसाठी भारतीय मानकानुसार दरडोई दररोज ४५ लिटर पाणी धरले जाते. त्याला एकूण पटसंख्येने गुणून गच्चीवर मोठ्या टाक्यांची ओळ आखली होती. हजार लिटर पाण्याचे वजन एक टन होते आणि गच्ची तर त्याच कार्बोनेशन झालेल्या भागाची होती. शाळा दोन सत्रांत भरते, दोन्ही सत्रांच्या मधल्या वेळेत टाकी पुन्हा भरता येते आणि महापालिकेचा पुरवठा नियमित आहे, या बाबी लक्षात आणून दिल्यावर त्यांनी साठ्याचे गणित नव्याने मांडले. टाक्या लहान झाल्या, आणि त्यांचा मोठा भाग जमिनीवरील वेगळ्या लोखंडी मनोऱ्यावर गेला. चूक मान्य करून आराखडा त्वरित बदलण्याची तयारी त्यांनी दाखवली, हे नोंदवण्यासारखे आहे. मात्र पटसंख्या आणि सत्रे ही प्राथमिक माहिती विचारण्याचे काम आधीच व्हायला हवे होते. आतून क्षारांनी अरुंद झालेले जस्ताचा मुलामा दिलेले जुने लोखंडी नळ काढून सीपीव्हीसी या प्लास्टिकचे नळ घालण्याचे काम मात्र व्यवस्थित झाले. स्वच्छतागृहांविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही, काम सरळ होते आणि सरळ पार पडले.

अग्निसुरक्षेच्या बाबींवर कोणतीही तडजोड झाली नाही. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली आणि त्या प्रकरणाच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशभरातील शाळांसाठी सुरक्षेचे निर्देश दिले. महाराष्ट्राच्या २००६च्या अधिनियमानुसार उपकरणांच्या देखभालीचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते, म्हणजे हा एकदाच करायचा खर्च नसून दरवर्षीचा आहे, आणि संस्थांनी तो वार्षिक अंदाजपत्रकातच धरावा.

अंदाजपत्रक आणि निविदा यांचा दर्जा चांगला होता. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची आधाराला घेतली होती, पण दुरुस्तीच्या बाबींसाठी बाजारातील दर स्वतंत्रपणे मागवले होते, आणि तेच योग्य होते. दरसूचीतील दर मोठ्या, सलग कामांना लागू पडतात. विखुरलेल्या लहान तुकड्यांच्या कामात साहित्यापेक्षा मजुराची ये-जा आणि परातीतले उरलेले मिश्रण अधिक महाग पडते. तो दर अवास्तव कमी ठेवला, तर चांगला कंत्राटदार निविदाच भरत नाही. निविदा बाबनिहाय दराची होती, आणि जुन्या इमारतीसाठी दुसरा पर्याय मला तरी सुचवता येत नाही, कारण एकरकमी करारात अनिश्चिततेची किंमत कंत्राटदार आधीच लावून ठेवतो. अनपेक्षित कामांसाठी त्यांनी पाच टक्के राखून ठेवले होते. नव्या बांधकामात तेवढे पुरतात. जुन्या इमारतीत पाहणी कितीही चांगली असली, तरी दहा ते पंधरा टक्के बाजूला ठेवणेच शहाणपणाचे. शिवाय अंदाजपत्रकातील एकूण रकमेवर कंत्राटाचा वस्तू व सेवा कर वेगळा होता आणि तो शेवटच्या पानावर लहान अक्षरांत दर्शवला होता. अठरा टक्के ही रक्कम लहान अक्षरांत लिहिण्याजोगी नाही.

वेळापत्रकाची आखणी स्थानिक परिस्थिती जाणून केलेली होती. दहावी-बारावीच्या परीक्षांचे केंद्र असल्याने मार्चपर्यंत आवारात आवाज करता येत नाही. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास उघडतात, पण पाऊस जूनच्या मध्यालाच येऊन ठेपतो. म्हणजे छप्पर उघडे ठेवण्यासाठी मिळतात ते जेमतेम सहा आठवडे, आणि तेही वर्षातील सर्वांत तापदायक. निविदा प्रक्रिया फेब्रुवारीत पूर्ण करून साहित्य एप्रिलमध्येच आवारात आणण्याचा आग्रह त्यांनी धरला. मजुरांचे काम पहाटे सुरू करून दुपारी थांबवण्याची आणि नव्या काँक्रीटवर ओले गोणपाट सतत ठेवण्याची अट करारात होती. मेच्या उन्हात क्युरिंग (काँक्रीट ओले ठेवून पक्के होऊ देणे) चुकले तर दुरुस्तीचा थर पहिल्याच वर्षी तडकतो, त्यामुळे पाण्याचा टँकर हा वायफळ खर्च समजू नये.

आणि इथपर्यंत उत्तम चाललेल्या सेवेची बाजू प्रत्यक्ष कामाच्या वेळी लंगडी पडली. करारानुसार अनुभवी अभियंत्याने नियमित भेट देणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा नुकताच पदविका पूर्ण केलेला एक तरुण येई. तो कष्टाळू आणि प्रामाणिक होता, पण कंत्राटदाराच्या मुकादमाला थांबवण्याचा अधिकार किंवा धाक त्याच्याकडे नव्हता. मोजमाप पुस्तिकेत नोंदी कामानंतर बऱ्याच उशिरा होत. गिलाव्याखाली झाकल्या गेलेल्या दुरुस्तीचे मोजमाप नंतर घेता येत नाही आणि मग कंत्राटदार सांगेल तो आकडा मानावा लागतो. काँक्रीटच्या पट्ट्यांच्या बाबतीत हेच झाले. मूळ अंदाजापेक्षा जास्त मोजमापाचे देयक आले आणि छायाचित्रांच्या अभावी ते पूर्णपणे खोडून काढता आले नाही. पुढे समितीतील निवृत्त शिक्षकांनी रोज सकाळी उघड्या कामाची फूटपट्टीसह छायाचित्रे काढण्यास सुरुवात केली, तेव्हापासून वाढीव मोजमापांचे प्रमाण लक्षणीय घटले. ज्या कामासाठी सल्लागाराला मोबदला दिला, ते निवृत्त शिक्षकांनी फुकट केले, असे म्हणणे कठोर वाटेल, परंतु ते वस्तुस्थितीला धरून आहे. वाढीव काम लेखी मंजुरीशिवाय सुरू करायचे नाही, हा नियम करारात होता. तो पाळला जातो की नाही हे पाहणारे कोणी जागेवर नव्हते.

आता मोबदला. पाहणीसाठी ठरावीक रक्कम होती आणि पुढील सर्व टप्प्यांसाठी प्रकल्पाच्या एकूण खर्चाच्या टक्केवारीने मोबदला होता. वास्तुविशारद आणि सल्लागारांच्या व्यवसायात ही पद्धत रूढ आहे, आणि नव्या इमारतीसाठी ती समजण्यासारखीही आहे. पण ज्याला खर्च कमी करण्यासाठी नेमले, त्याचे उत्पन्न खर्च वाढल्याने वाढावे, ही विसंगती दुरुस्तीच्या कामात अधिक टोचते. या कार्यालयाने तिचा गैरफायदा घेतला असे मी म्हणणार नाही. छपराचा महाग पर्याय त्यांनी सुचवलाच नव्हता आणि पायाचे काम तर त्यांनीच टाळले. तरीही वाढीव कामांच्या देयकांवर त्यांनी फारशी हरकत न घेण्यामागे हे कारण अजिबात नव्हते, असेही ठामपणे म्हणता येत नाही. दुसऱ्या टप्प्याच्या वेळी आम्ही प्रत्येक टप्प्यासाठी ठरावीक रक्कम आणि देखरेखीसाठी अनुभवी अभियंत्याच्या उपस्थितीनुसार मोबदला अशी मागणी केली. ती त्यांनी काही कुरबुरीनंतर मान्य केली, यावरून ती अवास्तव नव्हती हे दिसते.

महानगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांकडे स्वतःचा अभियांत्रिकी विभाग असतो, त्यामुळे त्यांना संपूर्ण सेवेची गरज नाही. त्यांच्या शाळा व्यवस्थापन समित्यांनी फक्त चाचण्यांसह पाहणीचा अहवाल मागवला, तरी प्राधान्यक्रम ठरवताना त्याचा आधार मिळेल. अनुदानित शाळांच्या लहान संस्थांनी पाहणी, अंदाजपत्रक आणि निविदा येथपर्यंतची सेवा अवश्य घ्यावी, मोबदला ठरावीक रकमेतच ठरवावा आणि देखरेखीसाठी शक्यतो वेगळी, रोज जागेवर येणारी व्यक्ती नेमावी. कंत्राटदाराची सुरक्षा ठेव एका पावसाळ्यानंतर परत करण्याची तरतूद या कार्यालयाच्या नमुना करारात आहे. गच्ची आणि छपराच्या कामासाठी आम्ही ती दोन पावसाळ्यांपर्यंत वाढवून घेतली. कार्यालयाने कंत्राटदार मिळणार नाहीत अशी भीती घातली होती. निविदा पुरेशा आल्या, आणि दुसऱ्या पावसाळ्यात पन्हाळीच्या एका जोडातून गळती दिसली, तेव्हा ठेव आमच्याकडेच असल्यामुळे कंत्राटदाराची माणसे निरोप मिळताच आली.